गाडीचा आवाज गोड कसा होतो? सायलेन्सरवाल्या हायरम पर्सी मॅक्सिमची गोष्ट



रविवारी सकाळी सहाच्या सुमाराला गोरेगाव पूर्वेकडून आरे कॉलनीत शिरलात की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणजे चालायला, पळायला, सायकल चालवायला आलेली. दुसरी म्हणजे गाडीचा आवाज ऐकवायला आलेली. झाडीतून वळण घेणारा मोकळा रस्ता मिळाला की पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जातो आणि मागच्या पाइपमधून फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज सुटतो.

माझा मावसभाऊ या दुसऱ्या प्रकारातला. गेल्या वर्षी त्याने सेकंड हँड हॅचबॅक घेतली, छोटी, तीन सिलेंडरची. महिन्याभरात एका गॅरेजमध्ये जाऊन मागचा सायलेन्सर कापून घेतला आणि तिथे चकचकीत स्पोर्ट्स मफलर बसवला. पहिले दोन दिवस साहेब हवेत होते. तिसऱ्या दिवशी मावशीला घेऊन हायवेने निघाला. एका ठरावीक स्पीडला आल्यावर गाडीच्या आत असं काही घुमायला लागलं की अंधेरीपर्यंत मावशीचं डोकं ठणकायला लागलं. घरी आल्यावर त्याने मला विचारलं की आवाज भारीही वाटेल आणि डोकंही उठणार नाही, असं काही करता येतं का?

करता येतं. पण ते समजून घ्यायला मी शोधत बसलो आणि पोचलो एका अशा माणसापाशी, ज्याने अख्खं आयुष्य आवाजाशी झगडण्यात घालवलं. गाड्या बनवल्या, बंदुका शांत केल्या, आणि जाता जाता जगभरच्या वायरलेसवाल्यांना एकमेकांशी जोडलं. त्याचं नाव हायरम पर्सी मॅक्सिम. चला, त्याची गोष्ट बघूया.

बापाची बंदूक आणि बापाचे कान

पर्सीचा जन्म २ सप्टेंबर १८६९ चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमधला. बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हा मोठा इन्व्हेंटर. विजेच्या दिव्यांच्या धंद्यात तो एडिसनचा स्पर्धक होता. पण जगाने त्याला लक्षात ठेवलं ते वेगळ्याच कारणासाठी. १८८४ च्या सुमाराला त्याने मॅक्सिम मशीनगन बनवली. गोळी सुटल्यावर मागे बसणारा जो धक्का असतो, त्याच धक्क्याच्या जोरावर पुढची गोळी आपोआप भरली जाते, ही तिची युक्ती. आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी लढायांत वसाहती करणाऱ्या फौजांनी ती वापरली. त्या बंदुकीच्या समोर उभं राहिलेल्यांमध्ये आपल्यासारखेच लोक जास्त होते.

या बंदुकीने बापाला पैसा दिला, १९०१ मध्ये ब्रिटनमध्ये सर हा किताबही मिळाला. पण वर्षानुवर्षं गोळीबाराच्या शेजारी उभं राहून त्याचे कान गेले. म्हातारपणी तो जवळजवळ ठार बहिरा झाला होता.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण आपण सगळेच दिवसभर कानात इयरफोन घालून फिरतो. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यात अगदी बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. आवाजाची थरथर त्या पकडतात आणि मेंदूला कळवतात. फार मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बाकी जखमा भरून येतात, ही येत नाही.

बापाने घराचंही ऐकलं नाही. १८८१ मध्ये तो पॅरिसच्या वीज प्रदर्शनासाठी युरोपला गेला आणि तिथलाच झाला. पर्सी तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. आईने पोरं वाढवली. पण बापाचं यंत्रवेड मुलात पुरेपूर उतरलं होतं. बोस्टनच्या एमआयटीमधून पर्सी १८८६ मध्ये बाहेर पडला तेव्हा त्याचं वय सोळा होतं. आपल्याकडे सोळाव्या वर्षी मुलं दहावीचा निकाल बघत असतात!

पेट्रोलचा एक थेंब

पुढे तो मॅसॅच्युसेट्समधल्या लिन या गावात तोफगोळे बनवणाऱ्या कंपनीत कामाला लागला. १८९२ मधली गोष्ट. एका रात्री तो सेलम गावात एका मुलीला भेटून सायकलवरून लिनला परत येत होता. रस्ता सुनसान, पाय दुखायला आलेले. पॅडल मारता मारता त्याच्या डोक्यात आलं की हे काम एखादं छोटं इंजिन करेल तर?

मजा म्हणजे जर्मनीत कार्ल बेंझने १८८६ मध्येच पेट्रोलच्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. अमेरिकेतही दोन-चार जण याच नादाला लागले होते. पर्सीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तेव्हा गूगल नव्हतं. आपणच एकटे हे वेड करतोय असं प्रत्येकाला वाटत होतं.

पेट्रोलमध्ये ताकद किती, हे त्याला आधी बघायचं होतं. त्याने पेट्रोलची बाटली विकत आणली. कंपनी सुटल्यावर तोफेच्या एका रिकाम्या काडतुसात थोडे थेंब टाकले, ते आत नीट पसरवले आणि वरून पेटती काडी टाकली. पुढच्या क्षणी ज्वाळा वर उसळली आणि मोठा भडका झाला. (हा प्रयोग घरी अजिबात करू नका. पर्सीचं नशीब चांगलं होतं.) एवढ्याशा द्रवात एवढी ताकद आहे हे त्याला कळलं. आणि ती ताकद गोंगाट करत येते हेही कळलं.

मग त्याने तीन सिलेंडरचं एक इंजिन स्वतः बनवायला घेतलं. रात्री जागून, पगारातले पैसे घालून. आजच्या आपल्या कितीतरी छोट्या गाड्यांत तीनच सिलेंडर असतात, हा योगायोग मला भारी वाटला. इंजिन सुरू झालं तेव्हा थरथर आणि आवाज इतका की काही विचारू नका. ते त्याने एका तीनचाकी सायकलला जोडलं.

हा आवाज नेमका येतो कुठून?

आता गोष्ट जरा थांबवूया आणि इंजिनात डोकावूया.

सिलेंडरमध्ये पेट्रोल आणि हवा पेटते, वायू तापतो, फुगतो आणि पिस्टनला खाली ढकलतो. काम झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. पण तेव्हाही आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त असतो. व्हॉल्व्ह उघडताच तो दाब धप्पकन सुटतो. शीतपेयाची बाटली हलवून झाकण उडवल्यासारखं. प्रत्येक धप्प म्हणजे दाबाची एक लाट. अशा लाटा एकामागे एक इतक्या वेगाने येतात की कानाला त्यांचा सलग सूर ऐकू येतो.

तो सूर मोजायची सोपी रीत आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणून आरपीएमला सिलेंडरच्या संख्येने गुणा आणि १२० ने भागा. तीन सिलेंडर, ३००० आरपीएम: ३००० गुणिले ३ भागिले १२०, म्हणजे ७५. सेकंदाला ७५ धक्के, म्हणजे ७५ हर्ट्झ. त्याच आरपीएमला चार सिलेंडरची गाडी १०० हर्ट्झचा सूर काढते. तीन सिलेंडरची गाडी जास्त भरड, जास्त घरघरणारी वाटते त्याचं एक कारण हे.

आता गाडीच्या आतली जागा. ती एक बंद पेटी आहे. तबल्याच्या डग्ग्याला जसा आपला सूर असतो, तसाच या पेटीलाही असतो. बाहेरचा धक्का आणि आतला सूर जुळला की सगळी गाडी घुमते. मावशीचं डोकं उठलं ते यामुळे.

पर्सी आणि विजेच्या गाड्या

पर्सीचं इंजिन बघून १८९५ मध्ये हार्टफर्डच्या पोप कंपनीने त्याला नोकरी दिली. कर्नल अल्बर्ट पोप हे तेव्हा अमेरिकेतले सायकलींचे मोठे कारखानदार. कोलंबिया सायकली त्यांच्याच. मोटारगाडीचा विभाग त्यांनी पंचविशीतल्या पर्सीकडे सोपवला.

त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला शिकागोत अमेरिकेतली गाजलेली मोटार शर्यत झाली. बर्फ पडलेला, रस्ता चिखलाचा. प्रत्येक गाडीत एक पंच बसवला होता. पर्सी ज्या गाडीत पंच म्हणून बसला ती विजेवर चालणारी होती. शर्यत जिंकली ड्युरिया बंधूंच्या पेट्रोल गाडीने. विजेच्या गाडीची बॅटरी थंडीत आणि चिखलात टिकली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीही लोकांना रेंजचीच काळजी होती बघा!

तरीही पोप यांचा कल विजेच्या गाड्यांकडेच होता. पेट्रोलच्या स्फोटावर बसून फिरायला शहाणा माणूस तयार होईल हे त्यांना पटत नव्हतं. शहरात घोडागाड्या होत्या. पेट्रोल गाडीच्या आवाजाने घोडे बुजायचे, लगाम तोडून पळायचे, माणसं जखमी व्हायची. आवाज हा तेव्हा जिवाशी खेळ होता. म्हणून पर्सीने विजेच्या गाड्याही बनवल्या, आणि १८९७ मध्ये कोलंबियाची विजेची गाडी लोकांसमोर आली. पण पेट्रोलचा नाद त्याने सोडला नाही. १८९९ मध्ये कनेक्टिकटमधल्या ब्रॅनफर्ड इथल्या शर्यतीत पेट्रोल गाडी स्वतः चालवून तो जिंकला.

एक खुलासा. गाडीचा मफलर सगळ्यात आधी पर्सीने शोधला असं कुठे वाचलंत तर ते बरोबर नाही. अमेरिकेतल्याच इंडियाना राज्यातल्या रीव्हज बंधूंनी १८९७ मध्ये इंजिनाच्या मफलरचं पेटंट घेतलं होतं. पर्सीचं योगदान वेगळं आहे. आवाज दाबायला त्याने वायूला वाट बदलायला लावली. ते त्याला सुचलं बाथरूममध्ये.

बाथटबमधला भोवरा

पर्सीने पुढे सांगितलेली हकीकत अशी. एकदा अंघोळ झाल्यावर तो टबमधलं पाणी जाताना बघत होता. भोकावर भोवरा तयार झाला होता. पाणी सरळ खाली न पडता गोल गोल फिरत, सावकाश, फारसा आवाज न करता जात होतं. त्याला वाटलं, बंदुकीतून निघणाऱ्या वायूला असंच गरगर फिरवलं तर?

बंदुकीचा आवाज आणि गाडीचा आवाज हे सख्खे भाऊ आहेत. दोन्हीकडे कोंडलेला गरम वायू एकदम मोकळ्या हवेत सुटतो. पर्सीने बंदुकीच्या तोंडावर बसणारी एक नळी बनवली. आत एकामागे एक वळणदार पडदे. मधल्या भोकातून गोळी सरळ निघून जाते. वायू मात्र बाजूच्या खोल्यांत शिरतो, फिरतो, थंड होतो आणि दम गेल्यावर बाहेर येतो. १९०९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. हार्टफर्डमध्ये त्याने कंपनी काढली आणि या यंत्राला नाव दिलं सायलेन्सर.

सिनेमात दाखवतात तसा नुसता फुस्स आवाज मात्र येत नाही हं. वेगवान गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जाते आणि हवेत स्वतःचा कडाका करते. तो नळीच्या हातात नसतो.

विचार करा. बापाने कर्कश बंदूक बनवली आणि त्यात कान घालवले. मुलाने बंदुकीचा आवाज काढून घेतला. पर्सीला वाटत होतं की नेमबाजीचा सराव करणाऱ्यांचे कान वाचतील, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही. पण लोकांच्या डोक्यात पहिला विचार आला तो गुन्हेगारांचा. आवाज न करता मारता येईल ही भीती वाढत गेली. १९३४ मध्ये अमेरिकन सरकारने बंदुकीच्या सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर बसवला, जो तेव्हा यंत्राच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होता. पर्सीने त्याआधीच हा धंदा गुंडाळत आणला होता. चांगल्या हेतूने बनवलेली वस्तू बाजारात गेल्यावर बनवणाऱ्याचं ऐकत नाही, हे त्याने घरातच एकदा पाहिलं होतं.

बंदुकीकडून इंजिनाकडे

त्याची विद्या वाया गेली नाही. तीच युक्ती त्याने इंजिनांसाठी वापरली. डिझेल इंजिनं, जहाजांची इंजिनं, हवा दाबणारे कॉम्प्रेसर, जिथे जिथे वायू धाडधाड बाहेर पडतो तिथे मॅक्सिम कंपनीचे सायलेन्सर लागले. नंतर त्याने घराच्या खिडकीत बसवायचं एक यंत्रही बाजारात आणलं. बाहेरची हवा आत येईल पण रस्त्याचा गोंगाट येणार नाही, असं. मुंबईत लिंक रोडला घर असलेल्यांनी हे वाचून सुस्कारा टाकला असेल.

आज आपल्या गाडीखाली जो डबा असतो त्यात आवाज मारायच्या तीन मुख्य रीती असतात.

पहिली, शोषून घेणं. पाइपला भोकं पाडून भोवती काचेच्या लोकरीसारखा मऊ माल भरतात. लाट त्यात शिरते आणि तिची ताकद घर्षणात जिरते. ही रीत चिरका, वरच्या पट्टीचा आवाज चांगला मारते. खालच्या घुमण्यावर तिचा फारसा जोर चालत नाही. बाजारातले बरेचसे स्पोर्ट्स मफलर असेच असतात. म्हणून ते घुमतात.

दुसरी, अडवून परतवणं. डब्यात खोल्या असतात. लाट एका खोलीतून दुसरीत जाताना भिंतीवर आपटून परत फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेला भिडते. एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खड्डा एकाच वेळी आला की दोन्ही एकमेकींना खातात. तुमच्या नॉइज कॅन्सलिंग इयरफोनमध्ये चिप हेच काम करते. फरक एवढाच की तिथे उलटी लाट स्पीकर बनवतो, इथे पत्रा.

तिसरी, बाटली लावणं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात याचं गणित मांडलं. अशी बाटली एक्झॉस्टच्या पाइपला बाजूने जोडली की ती आपल्या सुराच्या लाटा गिळते, बाकीच्यांना जाऊ देते. याला रेझोनेटर म्हणतात. नको तो सूर काढायचा आणि हवा तो ठेवायचा, हे करणारा कारागीर हाच. गाडीचा आवाज गोड होतो तो इथे.

निरोप पुढे पाठवा

आता पर्सीच्या आयुष्यातला असा भाग, जो मोबाईल वापरणाऱ्या प्रत्येकाने वाचावा.

चाळिशी ओलांडल्यावर त्याला मुलाच्या संगतीने वायरलेसचा नाद लागला. १९१४ च्या एप्रिलमध्ये त्याला हार्टफर्डहून स्प्रिंगफील्डला निरोप पाठवायचा होता. अंतर फक्त तीस मैलांच्या आसपास. कारण साधं, एक व्हॅक्यूम ट्यूब विकत घ्यायची होती. पण त्याचा सिग्नल तिथवर पोचेना. मग त्याला आठवलं की अध्येमध्ये विंडसर लॉक्स गावात एक ओळखीचा हौशी वायरलेसवाला आहे. त्याने निरोप घेतला आणि पुढे पाठवला. काम झालं!

दुसरा कोणी इथेच थांबला असता. पर्सीने विचार केला की देशभर असे हजारो हौशी लोक आहेत. प्रत्येकाने निरोप घेऊन पुढच्याला दिला तर तो कुठवर जाईल? त्याने क्लॅरेन्स टुस्का या तरुणाला सोबत घेऊन अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था उभी केली. रिले म्हणजे हातोहात पुढे देणं. आज तुमचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज एका राउटरवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो, त्यामागचा विचार याच जातीचा आहे. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये संस्थेचं मासिक निघालं, क्यूएसटी.

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि सरकारने सगळ्या हौशी केंद्रांना टाळं लावलं. युद्ध संपल्यावरही नौदलाला वायरलेस आपल्याच हातात ठेवायचं होतं. पर्सी वॉशिंग्टनला गेला, संसदेच्या समितीसमोर उभा राहिला, सामान्य माणसाची बाजू मांडली. १९१९ मध्ये हवा पुन्हा मोकळी झाली. १९२५ मध्ये पॅरिसला जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना झाली, तिचा पहिला अध्यक्ष तोच. दुसऱ्याच वर्षी त्याने हौशी सिनेमावाल्यांची लीगही काढली. म्हणजे आजच्या भाषेत रील बनवणाऱ्यांचा क्लब!

आणि इथेही त्याने आवाजाचा पिच्छा सोडला नाही. त्या मासिकात म्हातारबाबा या टोपणनावाने एक लेखक हवेतल्या गोंगाटावर सडकून लिहायचा. बेशिस्तीने सिग्नल सोडून दुसऱ्याचं बोलणं बिघडवणाऱ्यांची तो बिनपाण्याने करायचा. वाचक वर्षानुवर्षं अंदाज बांधत राहिले. तो लेखक पर्सीच होता हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं.

शेवटचा प्रवास

१९३६ च्या फेब्रुवारीत तो बायको जोसेफिनसोबत रेल्वेने कॅलिफोर्नियाला निघाला होता. तिथली लिक वेधशाळा बघायची होती, कारण आता त्याला आकाशाचं वेड लागलं होतं. वाटेत घसा बिघडला, आजार वाढला. कोलोरॅडोतल्या ला हुंटा गावात त्याला उतरवून हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथेच १७ फेब्रुवारी १९३६ रोजी तो गेला. वय ६६.

त्याच वर्षी बापाच्या आठवणींचं त्याचं पुस्तक आलं. सोडून गेलेल्या बापाबद्दल त्याने रागाने लिहिलं नाही, हसत हसत लिहिलं. पुढच्या वर्षी पहिल्या मोटारगाड्यांच्या दिवसांवरचं पुस्तक आलं. त्याचं वायरलेसचं नाव होतं डब्ल्यूवनएडब्ल्यू. ते आजही लीगच्या मुख्यालयातल्या केंद्राला दिलेलं आहे आणि ते केंद्र चालू आहे.

आता आपली गाडी

मावसभावाच्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही दोघांनी पर्सीसारखंच केलं. आधी मोजलं, मग हात लावला.

१. आरपीएम लिहून घ्या. गाडी नेमकी कधी घुमते? सोबत बसलेल्याने काटा बघायचा, चालवणाऱ्याने नाही. आमची २८०० ला घुमत होती. २८०० गुणिले ३ भागिले १२०, म्हणजे ७० हर्ट्झ.

२. फोनने ताडून बघा. आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकट अ‍ॅप चालेल. ७० च्या आसपास उंच सुळका दिसला. फोनचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही, त्यामुळे आकड्याला प्रमाण मानू नका. तोच फोन, तीच जागा, आधी आणि नंतर, एवढी तुलना पुरते.

३. खाली वाकून बघा. जोडावरचं गॅस्केट फुटलंय का, पाइप टांगायचे रबर तुटलेत का, उष्णता अडवणारा पत्रा खडखडतोय का. आमच्याकडे एक रबर तुटलेला निघाला. पाइप थेट बॉडीला टेकून सगळी थरथर आत देत होता. (इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात लावा आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका.)

४. मग डब्याचा विचार. ७० हर्ट्झ मारायला बंद तोंडाची सरळ नळी लावायची म्हटलं तर किती लांब? गरम एक्झॉस्टमध्ये आवाज सेकंदाला साधारण ५०० मीटर धावतो. ५०० ला ४ गुणिले ७० ने, म्हणजे २८० ने भागलं की जवळपास १.८ मीटर. सहा फुटांची नळी छोट्या गाडीखाली बसवणार कुठे? म्हणून कंपनीचा इंजिनिअर तिथे बाटलीवाला डबा देतो. आणि आपण तोच कापून फेकतो!

थोडक्यात, कापलेला डबा हाच उपाय होता. मावसभावाने कंपनीचा मूळ सायलेन्सर पुन्हा बसवला, रबर आणि गॅस्केट बदललं. घुमणं गेलं. इंजिनाचा जो खालचा, भरदार सूर त्याला आवडायचा तो हलकासा उरला. तेवढा पुरेसा आहे हे त्याला मावशी मागच्या सीटवर झोपी गेल्यावर पटलं.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. आवाजाची मर्यादा मोडली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, लायसनही अडकू शकतं. आपल्या देशात नव्या कारसाठी ही मर्यादा ७४ डेसिबल आहे, आणि ती मोजताना माइक गाडीच्या मार्गापासून ७.५ मीटरवर ठेवतात. पुण्यात एआरएआयमध्ये गाड्यांच्या अशा चाचण्या होतात. डेसिबलचा हिशोब फसवा असतो. १० डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दसपट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो.

पुन्हा आरेच्या रस्त्यावर

आरे कॉलनी १९४९ मध्ये मुंबईला दूध पुरवण्यासाठी वसवली गेली. दारा खुरोडी यांनी शहरभर पसरलेले तबेले इथे आणायची योजना राबवली. पण ती फक्त तबेल्यांची नाही. इथे वारली लोकांचे पाडे आहेत, वाघोबाची देवस्थानं आहेत आणि शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातून ये-जा करणारे बिबटेही आहेत. बिबट्याची अर्धी शिकार कानावर चालते.

आपल्याला वाटतं की एवढी झाडं आहेत, आवाज अडेल. नाही अडत. पानं वरच्या पट्टीचा आवाज थोडा खातात, ७० हर्ट्झची लाट मात्र झाडांमधून आरामात पार होते. ती लाट जवळपास पाच मीटर लांब असते, तिला एखाद्या खोडाचं काय? त्यात रात्री जमीन गार होते, वरची हवा उबदार राहते. अशा वेळी आवाज वर जायच्या ऐवजी वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबवर ऐकू जातो. म्हणून रात्री दोनला मारलेला एक रेस, आपल्याला न दिसणाऱ्या पाड्यातल्या झोपलेल्या पोराला उठवतो.

परवा पहाटे मी आणि मावसभाऊ त्याच रस्त्याने गेलो. काचा खाली होत्या. इंजिन आपलं घुर्र करत होतं आणि त्यावरून पक्षी ऐकू येत होते. एका वळणावर त्याने गाडी बाजूला घेऊन बंद केली. दोन मिनिटं आम्ही काहीच बोललो नाही. मग मागून एक गाडी आली, फटाक्यांची माळ लावत गेली, आणि पक्षी गप्प झाले.

मावसभाऊ तिच्याकडे बघत राहिला. गाडी त्याच्या ओळखीच्या मुलाची होती. संध्याकाळी त्याने त्याला फोन केला आणि आधी एकच गोष्ट विचारली, ती किती आरपीएमला घुमते.

तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल तर हा लेख त्याला नक्की पाठवा.